वाचनालयाच्या छपरासाठी लकी ड्रॉ काढला तर तो जुगार होतो का?

गळकं_कौल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज अडचण आलीये म्हणून लिहितोय. आमचं कोकणातलं तालुक्याचं गाव, गावात जुनं सार्वजनिक वाचनालय, रजिस्टर्ड ट्रस्ट आहे आणि कार्यकारिणीत सगळ्यात तरुण मी, वय ४४. गेल्या पावसात संदर्भ विभागावरचं छप्पर गेलं. रिपा कुजलेल्याच होत्या, कौलं सरकली, आम्ही घमेली बालद्या लावून आणि रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात कोशांचे खंड टेबलाखाली ढकलून कसंबसं निभावलं. सुतार म्हणतो साडेतीन लाख, तेही लाकूड जुनं चाललं तर.

मग मीटिंगमध्ये ठरलं लकी ड्रॉ. १०० रुपयांचं कूपन, ५००० कुपनं, पहिलं बक्षीस स्कूटर (शोरूमवाला वाचनालयाचा जुना सभासद, डीलरच्या भावात देतो म्हणाला), दुसरं फ्रिज, तिसरं मिक्सर, उत्तेजनार्थ दहा कुकर. छापखान्यातून ५०-५० ची शंभर पुस्तकं छापून आली, वर स्कूटरचं रंगीत चित्र, छपाईचे साडेसहा हजार गेले. चार दिवसांत ३१२ कुपनं खपली पण.

परवा टपरीवर चहा पिताना ओळखीचे हवालदार भेटले, मी हौसेने त्यांच्यापुढे पुस्तक धरलं तर ते वाचून म्हणाले, "अरे हे कुणाला विचारून छापलंत? लॉटरी आहे ही." मी म्हटलं साहेब वाचनालयासाठी आहे. तर म्हणे "मटकेवालापण सांगतो की पोरांच्या शिक्षणासाठी करतो."

आता अध्यक्ष घाबरलेत, खजिनदार म्हणतात काय होत नाही, चाळीस वर्षं सगळी मंडळं हेच करतायत. खरं काय? कुणी जाणकार सांगेल का.

उगाच_एक

काही होत नाही हो. आमच्याकडे नवरात्रात दरवर्षी लकी ड्रॉ असतो, नगरसेवक येऊन चिठ्ठी काढतो, बंदोबस्ताला आलेले पोलीस पण कूपन घेतात. बिनधास्त करा. दोन कुपनं माझी धरा.

तात्या_पंचनामा

एक, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि तेच फसवं आहे. ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली. लकी ड्रॉ काढला म्हणून केस झालेली मी पाहिली नाही, केस होते ती बक्षीस खजिनदाराच्या मेव्हण्याला लागलं म्हणून. एका मंडळाचं सांगतो, नाव नाही सांगत. फ्रिज लागला मंडळाच्याच माणसाच्या घरात. पुढच्या गल्लीतल्या मंडळाने अर्ज टाकला, आमच्या साहेबांनी पुस्तक उघडलं, आणि मग ज्या कायद्याकडे वीस वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं तो कायदा सगळाच्या सगळा त्या पोरांच्या अंगावर आला. कुपनं जप्त, डबा जप्त, फ्रिज पण मुद्देमाल. ठाण्याच्या व्हरांड्यात तो फ्रिज दोन उन्हाळे बंद उभा होता, आम्ही त्यावर बिनतारीचं चार्जर ठेवायचो.

तुमचे हवालदार शहाणे आहेत, टपरीवर सांगितलं. ठाण्यात बोलावून सांगितलं असतं तर?

वकीलीणबाई

मी दिवाणी बाजू जास्त बघते पण याच्याशी दोनतीनदा संबंध आलाय, म्हणून थोडं लांब लिहिते.

आपल्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या की घोटाळा होतो. लोकांनी पैसे दिले, बक्षीस आहे, आणि बक्षीस कुणाला हे नशिबावर ठरतं. तुमच्या कुपनात तिन्ही आहेत. लॉटरी (विनियमन) अधिनियम १९९८ मध्ये लॉटरीची व्याख्या अशी आहे की योजनेला नाव काहीही द्या, रूप काहीही द्या, तिकीट विकत घेणाऱ्यांमध्ये चिठ्ठीने किंवा नशिबाने बक्षीस वाटलं की ती लॉटरी. म्हणजे "लकी ड्रॉ", "भाग्यवान सोडत", "स्नेहकूपन" असं काय पण छापा. आणि त्या कायद्यात लॉटरी काढणारं कोण, तर राज्य सरकार, तेही अटींवर. तिकिटावर राज्याचा शिक्का हवा, पैसा सरकारी खात्यात जायला हवा, सोडत आठवड्यातून एकापेक्षा जास्त नाही.

दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम २९७, जुन्या दंडविधानातलं २९४ अ. सरकारी नसलेल्या आणि सरकारने अधिकृतही न केलेल्या लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि नुसती जाहिरात केली, की अमुक नंबर निघाला तर तमुक देऊ, तरी पाच हजारांपर्यंत दंड. तुमच्या कुपनावर ते छापलेलंच आहे.

"वाचनालयासाठी आहे" हे या कलमात कुठेच नाही. पैसा कुठे जाणार ते तिथे विचारलेलंच नाही, कसा गोळा केला तेवढंच विचारलंय. "सरकारने अधिकृत केलेली" हे शब्द आहेत म्हणजे कागदावर परवानगीची फट आहे, पण कौलांसाठी मंत्रालयात फाईल फिरवायची म्हणजे पुढचे चार पावसाळे गेले.

हाऊजीक्वीन

बाई गं! मग आमची तंबोला? दर महिन्याला भिशीनंतर आम्ही खेळतो, २० रुपये तिकीट, जलद पाच, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, फुल हाऊस. जमलेले सगळे पैसे बक्षिसात जातात. फक्त गणपतीच्या आधी दोन महिने आम्ही पाचातला एक हिस्सा बाजूला काढून अनाथाश्रमाला देतो. आम्ही काय गुन्हेगार झालो की काय?

वकीलीणबाई

ताई, यातच खरी गंमत आहे. आपला राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा. त्यात "जुगाराचा अड्डा" ठरायला मुख्य गोष्ट लागते ती म्हणजे जागा चालवणाऱ्याला, वापरणाऱ्याला त्यातून फायदा. तुम्ही घरात बसून वीसवीस रुपये काढले आणि सगळेच्या सगळे आपसात वाटले तर अड्डा चालवून कुणी कमावलं असं म्हणायला जागाच नाही. पण ज्या महिन्यात तुम्ही पाचवा हिस्सा काढून ठेवता त्या महिन्यात "चालवणाऱ्याच्या हातात काहीतरी राहिलं" असं कुणीही म्हणू शकतो. म्हणजे स्वतःसाठी खेळलात तर सेफ, अनाथाश्रमासाठी खेळलात तर प्रश्न. मी म्हणते म्हणून कोर्ट असंच म्हणेल असं नाही, पण शब्द वाचले तर अर्थ हा निघतो.

त्या पाचव्या हिश्श्याऐवजी खेळ संपल्यावर डबा फिरवा, जिंकलेली बाई मनाने टाकेल ते टाकेल. खेळ वेगळा, दान वेगळं.

हाऊजीक्वीन

डबा फिरवला तर आमच्याकडे दहाच्या नोटा येतात ओ 😀 सगळ्यांना वाटतं दुसरी टाकेल.

शंकासुर

पण मला एक कळत नाही, सरकार स्वतः लॉटरी विकतं ना? महाराष्ट्र राज्य लॉटरी चालू झाली १२ एप्रिल १९६९ ला, कारण काय दिलं होतं तर लोक मटक्याला लागलेत त्यांना तिकडून बाहेर काढायचं आणि विकासाला पैसा उभा करायचा. म्हणजे वाईट मार्गाचा पैसा चांगल्या कामाला हा विचार सरकारला सुचला तर धोरण आणि वाचनालयाला सुचला तर कलम २९७.

केरळने तर आधीच, १९६७ ला खातं काढलं, २६ जानेवारी १९६८ ला पहिली सोडत, एक रुपयाचं तिकीट, पन्नास हजारांचं पहिलं बक्षीस. २०११ पासून कारुण्य नावाची लॉटरी आहे त्यांची, तिचा पैसा गरिबांच्या मोठ्या आजारांच्या उपचाराला. मग हे धर्मादाय नाही तर काय? कौटिल्याच्या राज्यात पण द्यूताध्यक्ष असायचा आणि जिंकलेल्या रकमेतले पाच टक्के राजाचे. दोन हजार वर्षांत बदल काय झाला, टक्केवारी वाढली.

वकीलीणबाई

शंकासुर, तक्रार बरोबर आहे, पण घटनेतच तसं आहे. सरकारी लॉटरी केंद्राच्या यादीत आणि पैज-जुगार राज्याच्या यादीत, आणि सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये सांगून ठेवलंय की जुगार हा व्यापारच नाही, त्यामुळे व्यापार स्वातंत्र्याच्या हक्काची ढाल मिळत नाही. तो खटला आपल्या मुंबई राज्याचाच, चमारबागवाला म्हणून गृहस्थ, बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून शब्दकोड्याच्या बक्षीस स्पर्धा चालवायचे. निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंत सगळं येतं. सुट्टीत वाचण्यासारखा आहे.

पत्तेपिसा

मग रमी चालते ना? आम्ही ऐकलं होतं रमी कौशल्याचा खेळ आहे. वाचनालयात रमी स्पर्धा ठेवा, प्रवेश फी ५०० 😜

तात्या_पंचनामा

पिसा, रमीबद्दल १९६७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पानं लक्षात ठेवावी लागतात, काय टाकायचं काय ठेवायचं याला डोकं लागतं म्हणून कौशल्य. तीन पत्तीला ती सवलत नाही. पण गावात वाचनालयात पत्ते सुरू झाले हे एकदा घराघरात पोचलं की छप्पर काय, सभासद पण राहणार नाहीत.

ताळेबंद

मी सीए, ही बाजू कुणी बोललं नाही म्हणून टाकतो. समजा कायद्याचं सगळं जमलं. स्कूटर ९०,००० ची. बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की ३० टक्के कर आधी कापायचा, आणि बक्षीस वस्तूत असेल तर कर भरला गेलाय याची खात्री करूनच वस्तू हातात द्यायची. म्हणजे स्कूटर लागलेल्या माणसाने आधी २७,००० आणून द्यायचे किंवा ट्रस्टने खिशातून भरायचे. त्याचं उत्पन्न शून्य असेल तरी हेच, लॉटरीच्या पैशाला करमुक्त मर्यादा लागत नाही. एका ठिकाणी (नाव नाही) रिक्षावाल्याला बाईक लागली, स्टेजवर हार घातला, फोटो काढला, मग ऑफिसात नेऊन कराचं सांगितलं, तर तो म्हणाला बाईक नको, हारच देता का घरी न्यायला.

आणि कूपनाला ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती देऊ नका. कूपन घेणं म्हणजे देणगी नाही, त्याला बदल्यात संधी मिळतीये.

कुणीतरी हमखास सुचवणार म्हणून आधीच सांगतो: "पैसे घेऊ नका, फुकट चिठ्ठ्या वाटा आणि शेजारी दानपेटी ठेवा." पैसे काढले की लॉटरीची व्याख्या सुटते हे ठीक, पण मग खरोखर फुकट पाहिजे. पेटीत टाकलं तरी चिठ्ठी, नाही टाकलं तरी तीच चिठ्ठी. टेबलावरचा माणूस पेटीकडे बघत चिठ्ठी पुढे करत असेल तर ते फुकट नव्हे. आणि फुकट चिठ्ठीला लागलेल्या स्कूटरवर पण ते ३० टक्के आहेतच, आयकरात सोडतीने मिळालेलं कुठलंही बक्षीस लॉटरीतच धरतात.

बे_एरियातली_माई

आमच्याकडचं सांगते, कारण आमच्या मंडळात हाच वाद दोन वर्षं चालला होता. कॅलिफोर्नियात आधी संस्थांना पण रॅफल, म्हणजे आपला लकी ड्रॉ, बंदच होती, मार्च २००० मध्ये लोकांनी मतदान करून घटनादुरुस्ती केली आणि मग धर्मादाय संस्थांना सूट मिळाली. पण सूट कशी, तर तिकिटाच्या पैशांतले ९० टक्के थेट चांगल्या कामाला गेले पाहिजेत. बक्षिसं, छपाई, सगळं उरलेल्या दहात. म्हणून आमच्याकडे बक्षीस कधीच विकत आणत नाही, कुणाकडून तरी देणगीत मागायचं. दिवाळीला पैठणी आणि सोन्याचं नाणं ठेवायचं होतं तर मी स्वतः तीन ज्वेलर्सच्या दुकानात हात जोडून उभी राहिले, तिसऱ्याने दिलं.

आधी राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे नोंदणी, नंतर हिशोब. तिकीट ऑनलाइन विकायचं नाही, नंबर असलेलं फाडायचंच तिकीट लागतं. आमच्यातल्या एका आयटीवाल्याने उत्साहाने वेबसाइटवर बटण टाकलं होतं "रॅफल विकत घ्या" म्हणून, ते दुसऱ्या दिवशी काढायला लागलं. आणि अर्धे पैसे विजेत्याला अर्धे संस्थेला ही जी मॅचमध्ये असते ती रॅफल आम्हाला नाही, ती मोठ्या व्यावसायिक खेळसंघांच्या संस्थांपुरती.

पण हे फक्त आमच्या राज्यात बरं का. यूटा आणि हवाईत रॅफलच नाही. माझी बहीण दुसऱ्या राज्यात आहे तिचे नियम अजून वेगळे.

क्रॉयडनकर

इंग्लंडात मला वाटतं सगळ्यात माणसात आणून ठेवलंय. २००५ चा जुगार कायदा आहे आणि त्यात छोट्यांसाठी वेगळी दारं आहेत. कार्यक्रमातल्या कार्यक्रमात तिकिटं विकून रॅफल काढायची असेल तर नोंदणीच नको, फक्त त्यातून कुणी खाजगी नफा काढायचा नाही, आणि जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंड आणि खर्चाला १०० पौंड याहून जास्त कापायचं नाही. गावभर विकायची असतील तर कौन्सिलकडे नोंद, पहिल्यांदा ४० पौंड, मग वर्षाला २०. एका सोडतीला २०,००० पौंडांपर्यंतची विक्री आणि त्यातले २० टक्के तरी कामाला जायला हवेत. १६ वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही. तंबोलाला पण आकडा ठरलेला, माणशी दिवसाला ८ पौंड, बक्षिसं मिळून ६००.

आमच्या दिवाळीला मी गेली सहा वर्षं रॅफलवाला काका आहे. बादलीत हात घालायला सगळ्यात लहान पोराला बोलावतो. एकदा पोराने मूठभर तिकिटं काढली आणि तोंडात घातली, पहिला नंबर अर्धाच वाचता आला, त्यावर पंधरा मिनिटं सभा झाली. कायद्याने काही अडलं नाही.

शंकासुर

बघा, म्हणजे तिकडे पण जुगार वाईटच धरलाय पण कुणीतरी बसून विचार केला की शाळेचं बाक दुरुस्त करायला पाच पौंडाची रॅफल आणि कॅसिनो यात फरक असतो. आपल्याकडे १८८७ ला साहेबाने कायदा केला, साहेबाने घरी जाऊन आपला बदलला, आपण तोच सांभाळतोय.

पणजीकर_बाय

शंकासुर, आमच्या गोंयात या आणि मग बोला. आमचा जुगाराचा कायदा १९७६ चा, त्याला १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात जुगाराची मशिनं आली, १९९६ मध्ये बोटीवर टेबलं आली. आज मांडवीच्या काठाला संध्याकाळी उभं राहिलं की पाण्यात लाइटच लाइट. आणि त्याच वेळी वाड्यावरच्या क्लबाने फुटबॉल मैदानाच्या कुंपणासाठी हाऊजी, म्हणजे तंबोलाच, ठेवली की कुणीतरी विचारणार परवानगी खंय.

पण एक खरं सांगू? आमच्याकडच्या सगळ्या हाऊजी काही साध्यासुध्या उरलेल्या नाहीत. लहानपणी फेस्ताला हाऊजी म्हणजे प्लास्टिकची बादली आणि स्टीलचा डबा. आता पोस्टरावर कार असते, लोक बस भरून दुसऱ्या तालुक्यातून येतात, आणि क्लबाच्या नावाखाली आयोजक भलताच. तो कितीसं मैदानाला देतो देवाला ठाऊक. म्हणून नियम पाहिजे, नाही असं नाही. बंदी आणि मोकाट याच्या मधला पाहिजे. पोर्तुगालात १७८३ पासून लिस्बनच्या सांता कासा या धर्मादाय संस्थेला लॉटरी दिलीय, दवाखाने आणि अनाथ मुलांसाठी, अजून चालू आहे.

नवा_गडी

मी काय म्हणतो एवढी कटकट कशाला, झूमवर तंबोला घ्या. लॉकडाऊनमध्ये आम्ही केलेली, तिकीट व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयवर. गावचे मुंबईपुण्याचे, अमेरिकेतले पण येतील.

वकीलीणबाई

अजिबात नको! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य की नशीब हा प्रश्नच ठेवला नाही. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. तो केलाय मोठ्या अॅपवाल्यांसाठी, हे मान्य, पण छपरासाठी झूमवर बसलेल्या ट्रस्टला वगळलंय असं कुठे वाचनात नाही.

ताळेबंद

आणि अमेरिकेतले म्हणालात म्हणून. गावचा माणूस तिकडे गेला पण पासपोर्ट भारतीयच आहे, तर त्याची साधी देणगी चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्डवाला (मूळचा भारतीय, पण परदेशी नागरिक) असेल, तर तो पैसा परदेशी देणगी, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीचा कायदा, लागतो. गावातला बाळ्या म्हणून तुम्ही ओळखता, कायदा ओळखत नाही.

उगाच_एक

आमच्या बाजूच्या तालुक्यात तर दर महिन्याला बुलेट निघते. महिना हजार भरायचे, नंबर लागला की बुलेट घेऊन जा आणि पुढचे हप्ते माफ. ती कशी चालते मग?

तात्या_पंचनामा

चालते तोपर्यंत चालते. १९७८ पासून असल्या बक्षीस-चिठ्ठी योजनांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. मी असल्या दोन योजना बुडताना पाहिल्यात. पहिले आठ महिने बुलेट निघते, हलगी वाजते, मिरवणूक निघते. नवव्या महिन्यात ऑफिसला कुलूप असतं आणि बाहेर बायका कार्डं घेऊन बसलेल्या असतात. कौल, तुमचं तसं नाही हे मला ठाऊक आहे. पण कुपनाचा कागद बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर कायदा असा आंधळा राहिलाय. शंकासुरांना हे पटणार नाही.

शंकासुर

नाही पटत तात्या. पण बायका कार्डं घेऊन बसलेल्या, ते वाचून गप्प बसलो.

गळकं_कौल

सगळ्यांचे आभार. मध्यंतरी तातडीची मीटिंग झाली. कुपनं बंद. ३१२ लोकांचे पैसे परत द्यायचे ठरलं, म्हणजे मीच, सायकलवर. काउंटरफॉइलवर नावं होती म्हणून बरं. निम्म्या लोकांनी घेतलेच नाहीत, म्हणाले देणगी धर, त्यांना साधी पावती फाडून दिली आणि कूपन मात्र परत घेतलं (वकीलीणबाईंनी निरोपात सांगितलं होतं तसं). एका आजींनी मात्र कूपन द्यायला साफ नकार दिला, म्हणे स्कूटर माझ्या नातवाला लागणार आहे, मी स्वामींना नवस बोललेय. त्यांना समजवायला पाऊण तास आणि दोन कप चहा.

पण मग साडेतीन लाख कुठून आणायचे? देणगी मागून एका महिन्यात बावन्न हजार झाले आणि थांबले.

माळावरचा

कौलदादा, तुमच्याकडे सवाल नाही का लावत? आमच्याकडे जत्रेत देवाच्या नारळाचा, ओटीच्या साडीचा, पहिल्या कणसाचा सवाल होतो. बोली लावायची, जास्त बोलेल त्याचा नारळ. गेल्या साली एक नारळ सोळा हजाराला गेला.

पणजीकर_बाय

अगो खरंच की! आमच्याकडे देवळात पावणी म्हणतात त्याला. केळीचा घड, फणस, काकडी, लोक भांडून भांडून घेतात. हैदराबादजवळ बालापूरचा गणपतीचा लाडू १९९४ ला साडेचारशे रुपयांना गेला होता, २०२४ ला तीस लाखांवर गेला. मुंबईत लालबागला पण गणपतीला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो.

वकीलीणबाई

माळावरचा, तुम्ही दहा ओळीत जे सांगितलंत ते मी तीन पोस्टींत सांगू शकले नाही. लिलावात नशीब नाही. ज्याने जास्त बोललं त्याला वस्तू मिळाली, सगळ्यांसमोर. तीन पायांचं स्टूल, एक पाय काढला. जुगाराच्या कायद्याशी संबंध नाही. फक्त ट्रस्टचा ठराव करा, बोलीची वही ठेवा, प्रत्येकाला पावती द्या. इथे एखाद्या नोंदणी नसलेल्या मंडळाने वाचून करायचं ठरवलं तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घ्या, ती ऑनलाइन होते.

ताळेबंद

आणि नारळाची बोली ८०जी मध्ये बसवायच्या भानगडीत पडू नका, वस्तू दिलीय बदल्यात. ज्याला करसवलत हवीय त्याच्याकडून चेकने साधी देणगी घ्या, रोखीत २,००० च्या वर सवलत नाही.

गळकं_कौल

दोन महिन्यांनी परत आलोय, उशीर झाला, सुतार गाठणं हे लिलावापेक्षा अवघड काम आहे.

सवाल लावला. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात. पस्तीस वस्तू, सगळ्या लोकांनी आणून दिलेल्या. दोन हापूसच्या पेट्या, घरचं कोकम आगळ, एका सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पसायदान फ्रेम करून, एक जुनी पायपेटी जिचे चार सूर वाजत नाहीत, आणि एक लाल भोपळा. भोपळ्यावर दोन वाड्यांची खुन्नस लागली. खालच्या वाडीने पाचशे म्हटलं, वरच्या वाडीने हजार, मग मुंबईहून आलेल्या पोरांनी फोनवर फोन लावले, भोपळा अकरा हजाराला गेला आणि घेणाऱ्याने तिथेच फोडून सगळ्यांना वाटला, म्हणे दोन्ही वाड्यांनी घारगे करा. बोली बोलायला आमचे माजी मुख्याध्यापक, आवाज असा की माईक बंद पडला ते कुणाला कळलंच नाही. "अकरा हजार एक वार... अकरा हजार दोन वार..." हवालदार पण आले होते, साध्या कपड्यात. त्यांनी नवाच्या नवा टॉर्च सातशेला घेतला.

एकूण जमले १ लाख ६४ हजार. आधीचे बावन्न होतेच. स्कूटरवाल्या सभासदाने स्कूटरमध्ये जेवढी सूट देणार होता तेवढे, आठ हजार, देणगी दिले. बाकीचं सुताराला दिवाळीनंतर, तो तयार झालाय. रिपा बदलल्या, कौलं निम्मी जुनी निम्मी नवी, पहिला वळीव झाला आणि आत एक थेंब नाही.

उगाच_एक

वा वा. पण ती छापलेली कुपनं? साडेसहा हजार पाण्यात गेले की.

गळकं_कौल

नाही गेले. मागची बाजू कोरी आहे ना. ग्रंथपाल बाई त्याच्यावर पुस्तक परत करायची तारीख लिहून पुस्तकात ठेवतात, ५००० आहेत, दहा वर्षं पुरतील. परवा त्या आजी कादंबरी घेऊन गेल्या, आत स्कूटरचं कूपन बघून परत आल्या, म्हणाल्या नंबर लागला का?